गहाण पडलेलं सिंहासन: वऱ्हाड ते बीजिंग

मी यवतमाळहून बोलतोय. 'गहाण' हा शब्द आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पेरणीच्या वेळी घरातलं सोनं जातं, कापूस विकला की सुटतं. कधीकधी सुटतही नाही. आज याच शब्दातून चीनची शेवटची बादशाही समजून घेऊ.

आधी आपलं वऱ्हाड. निजामाकडे एक फौज होती. तिचे अधिकारी इंग्रज, पण खर्च निजामाच्या माथी. खर्च थकला, कर्ज चढलं. १८५३ मध्ये त्यापोटी इंग्रजांनी वऱ्हाडाचा कारभार घेतला. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टाच करून घेतला. कागदावर मालक मात्र निजामच!

आता चीन. तिथे राज्य छिंग घराण्याचं. १८९५ मध्ये जपानकडून हरले, दंड बसला. तो भरायला युरोपातून कर्ज काढलं. १८९८ मध्ये इंग्रजांनी हाँगकाँगला लागून असलेला मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्यावर घेतला. लोक चिडले आणि १९०० मध्ये बॉक्सर बंड पेटलं. आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांत मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता, हेही लक्षात ठेवा.

राजधानी हातात आली, तरी बादशहाला काढलं नाही. का? अहो, सावकार कुळाला मारत नाही. मेलं तर वसुली कुणाकडून करणार? १९०१ च्या तहात दंड ठरला ४५ कोटी तैल चांदी, म्हणजे चिनी माणशी जवळपास एक तैल. मुदत ३९ वर्षं, व्याज ४ टक्के. तारण म्हणून जकात आणि मिठाचं उत्पन्न.

पण लोक हे सगळं बघत होते. १९११ मध्ये सरकारने परदेशी बँकांच्या कर्जावर रेल्वे ताब्यात घेतली. सिचुआनमध्ये लोकांनी स्वतःचे पैसे त्यात घातले होते, ते भडकले. त्यांना दाबायला शेजारच्या हुपेईतून सैन्य गेलं आणि तिथेच, वुचांगमध्ये, १० ऑक्टोबरला बंड झालं. चारच महिन्यांत, १२ फेब्रुवारी १९१२ ला, सहा वर्षांच्या पूयीच्या नावाने गादी सोडल्याचं फर्मान निघालं.

बादशाही गेली, पण दंडाचे हप्ते नव्या प्रजासत्ताकाच्या गळ्यात पडले. बाप गेला तरी सातबाऱ्यावरचा बोजा राहतो ना, अगदी तसंच. भेटू पुढच्या भागात!