‘असई’ नावाच्या दोन युद्धनौका : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा व जुई या नद्यांच्या दुआबातील असई येथे आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. असई आज जालना जिल्ह्यात असून १ मे १९८१ पूर्वी ते औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात मोडत असे. या लढाईचा अभ्यास आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. तथापि समुद्रापासून दूर असलेल्या या गावाचे नाव एकोणिसाव्या शतकात दोन युद्धनौकांना देण्यात आले, ही बाब सहसा चर्चिली जात नाही. प्रस्तुत लेखात या दोन नौकांची रचना व सेवा यांचा तौलनिक विचार केला आहे.

पहिली ‘असई’ (१८५४) :
मुंबई गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागीर १७३६ पासून जहाजे बांधत होते. याच गोदीत १८५४ मध्ये सागवानी लाकडाची ‘असई’ ही वाफेवर चालणारी, बाजूस चाके असलेली फ्रिगेट कंपनी सरकारच्या आरमारासाठी तयार झाली. इराणविरुद्धच्या युद्धात १८५६ मध्ये बुशहरवरील मोहिमेत तिने भाग घेतला. १८६३ मध्ये हे आरमारच बरखास्त झाले व ‘असई’ तिची जोडीदार ‘पंजाब’ हिच्यासह विकली गेली. त्यानंतर मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० च्या सुमारास ‘मॅग्डाला’ व ‘ॲबिसिनिया’ या चिलखती नौका आल्या, त्या मात्र इंग्लंडमध्ये बांधलेल्या होत्या.

दुसरी ‘असई’ (१८९०) :
रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६ मध्ये स्वयंचलित पाणतीर सिद्ध केल्यानंतर लहानशी वेगवान नौकाही मोठ्या युद्धनौकेस बुडवू शकेल, अशी स्थिती निर्माण झाली. या पाणतीर नौकांना गाठून नष्ट करण्यासाठी ब्रिटिश नौदलाने ‘पाणतीर तोफनौका’ हा प्रकार विकसित केला. भारताच्या संरक्षणासाठी, भारताच्याच महसुलातून, अशा दोन नौका टाइन नदीकाठच्या आर्मस्ट्राँग कारखान्यात बांधण्यात आल्या. त्यांची नावे ‘असई’ व ‘प्लासी’. ‘शार्पशूटर’ वर्गातील या पोलादी नौकांचे वजन सुमारे ७३५ टन व लांबी २३० फूट होती. त्यांवर ४.७ इंची दोन तोफा, लहान तोफा व १४ इंची पाणतीर सोडण्याच्या नळ्या होत्या.

रचनेतील मुख्य दोष वेगाचा होता. अपेक्षित वेग २१ नॉट, परंतु आगगाडीच्या इंजिनाच्या धर्तीवरील बाष्पकांवर (बॉयलर) ताण येत असल्याने प्रत्यक्षात तो १९ नॉटच्या आसपासच राहिला. ज्या नौकांचा पाठलाग करावयाचा त्याच अधिक चपळ ठरल्या. परिणामी १८९३ मध्ये यॅरो कंपनीने सुमारे २४० टनांची ‘हॅवॉक’ ही विनाशिका पाण्यात सोडली. तिचा वेग २६ नॉटच्या वर होता. म्हणजेच अवघ्या तीन वर्षांत ‘असई’ कालबाह्य झाली. पुढे १९०४ मध्ये ती विकण्यात आली.

नामकरण व आर्थिक भार :
असई व प्लासी ही दोन्ही नावे भारतीय सत्तांच्या पराभवाची स्मारके होत. त्याच सुमारास भारतासाठी बांधलेल्या पाणतीर नौकांना ‘मराठा’, ‘शीख’, ‘राजपूत’ अशी नावे दिली गेली. पराभवाचे स्मरण व लढवय्या जमातींचा गौरव ही एकाच साम्राज्यवादी धोरणाची दोन अंगे होती. या स्मारकाचा खर्च मात्र पराभूतांच्या वंशजांनीच सोसला. इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यातील खर्चवाटपाचा हाच प्रश्न १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे होता. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते, तर गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये त्यापुढे साक्ष दिली.

निष्कर्ष :
पहिली ‘असई’ मुंबईच्या कारागिरांनी घडवली, तर दुसरीसाठी भारताने केवळ पैसा पुरवला. लाकडाकडून पोलादाकडे झालेल्या स्थित्यंतरात नवे तंत्रज्ञान भारतात रुजू न देता त्याची देयके तेवढी भारताच्या माथी आली. औद्योगिक ऱ्हासाची चर्चा आपण बहुधा कापडउद्योगापुरती करतो. जहाजबांधणीचा इतिहासही तितकाच बोलका आहे. माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस दिल्ली’ ही विनाशिका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली, या घटनेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी असईचा विचार रणभूमीपुरता मर्यादित न ठेवता या अंगानेही करणे आवश्यक आहे.