परळ आणि रायगड किनारा : अंतःस्रावशास्त्रातील अध्यापन परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यातील किनारपट्टीचे मुंबईशी असलेले नाते जुने आहे. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून मोठे रुग्णालय गाठणे हा येथील कुटुंबांचा परिचित अनुभव होय. प्रस्तुत निबंधात परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातील अंतःस्रावशास्त्राच्या अध्यापनाचा या किनाऱ्याच्या संदर्भात विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

'हॉर्मोन' ही संज्ञा स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केली. १९२१-२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९२६ मध्ये, परळची ही संस्था सुरू झाली. अध्यापक भारतीयच असावेत हा तिच्या स्थापनेमागील राष्ट्रीय आग्रह होता आणि डॉ. जीवराज मेहता तिचे पहिले अधिष्ठाता होते. रक्तातील संप्रेरकांचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत बर्सन व यॅलो यांनी १९५०च्या दशकाअखेरीस विकसित केली. या पद्धतीमुळे अंतःस्रावशास्त्राला स्वतंत्र विद्याशाखेचा भक्कम पाया लाभला. परळमध्येच १९६३ साली अणुऊर्जा विभागाचे किरणोत्सर्गी वैद्यक केंद्र उभे राहिले व थायरॉईड विकारांच्या अभ्यासास बळ मिळाले.

विभागप्रमुखाचे कार्य

एम. डी. नंतरचा डी. एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. के. ई. एम. मधील या विभागाची धुरा डॉ. नलिनी शाह यांनी दीर्घकाळ वाहिली. पुढे डॉ. तुषार बंडगर यांनी ती सांभाळली. अशा विभागाचा प्रमुख केवळ व्याख्याने देत नाही. पियुषिका ग्रंथीच्या एका गाठीसाठी मेंदूशल्यचिकित्सक, क्ष-किरणतज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ यांना एकत्र बसविणे आणि विरळ व्याधींच्या नोंदी वर्षानुवर्षे जपून त्यांतून संशोधन घडविणे, हेही त्याचेच काम ठरते. महापालिकेच्या रुग्णालयात गरीब रुग्णाला परवडणारी तपासणी कोणती, हा विवेकही विद्यार्थी तेथेच शिकतो.

किनाऱ्याचा प्रश्न

१९३७ मध्ये शीहान यांनी वर्णिलेला विकार येथे उदाहरणादाखल घेता येईल. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाल्याने पियुषिका ग्रंथीची हानी होते. मातेला दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा जडतो. अनेकदा निदानास वर्षे लागतात, आणि तोवर हा थकवा 'बाळंतपणाची कमजोरी' म्हणून सोसला जातो. वास्तविक प्रसूतीचा इतिहास नीट विचारला तरी संशय येऊ शकतो. तो विचारणारा डॉक्टर बहुधा तालुक्याचा असतो, अतिविशेषज्ञ नव्हे. म्हणूनच गुरूची विद्या डी. एम. च्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरती राहून चालत नाही. ती पदवीच्या वर्गातही झिरपावी लागते.

निष्कर्ष

जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने रायगडची भूमी परळजवळच्या शिवडीशी जोडली. अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. रस्त्याचे अंतर घटले. निदानाचे अंतर मात्र पुलाने घटत नाही. परळच्या परंपरेने किती तज्ज्ञ घडविले हा इतिहासाचा एक निकष झाला. त्या तज्ज्ञांच्या शिकवणुकीमुळे किनाऱ्यावरील एखाद्या मातेला वेळीच योग्य प्रश्न विचारला गेला का, हा दुसरा निकष. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरा निकष अधिक कठोर आहे आणि अधिक न्याय्यही.