वटवाघळांची वहिवाट

पोकेमॉनच्या खेळात गुहेत शिरलं की चार पावलांवर झुबॅट आडवं येतं. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीत या निळ्या वटवाघळाचा क्रमांक ४१ होता. त्याला डोळे नाहीत. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजावर ते वाट काढतं, काळोखात घोळक्याने राहतं आणि ऊन लागलं तर त्याची कातडी भाजते. माउंट मून नावाच्या डोंगरातल्या बोगद्यांतून खेळाडूला पलीकडे जायचं असतं आणि हे प्राणी काही त्याला सुखाने जाऊ देत नाहीत. खेळाच्या दुकानात त्यांना दूर ठेवणारा फवारासुद्धा विकत मिळतो. या चित्रामागे एक गृहीतक आहे. गुहा निसर्गाची, वटवाघूळ तिथलं मूळचं, आणि माणूस पुढे केव्हा तरी येऊन धडकलेला. जगात बऱ्याच ठिकाणी ते खरंही असेल, भिवंडी तालुक्यात मात्र ते उलटं आहे. इथे गुहा आधी माणसाने केली. वटवाघूळ मागून आलं, आणि आज त्याची जी वहिवाट दिसते ती माणसाच्या बांधकामाच्या आणि माघारीच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

मुळात हा प्रश्न दगडाचा आहे. मोठाल्या नैसर्गिक गुहा होतात त्या प्रामुख्याने चुनखडकात, कारण पावसाचं किंचित आम्ल पाणी तो खडक हजारो वर्षं विरघळवत राहतं. मेघालयात त्यामुळे मैलोन् मैल लांबीच्या गुहा आहेत. ठाणे जिल्हा बसला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर, आणि काळा कातळ पाण्यात विरघळत नाही. त्याला भेगा पडतात, कडे सुटतात, कपारी होतात, पण आत खोल, काळोखी, बारा महिने एकाच तापमानाची दालनं सहसा तयार होत नाहीत. अशी दालनं इथे छिन्नीने झाली. देशातली बहुसंख्य कोरीव लेणी महाराष्ट्रात आहेत ती याच कातळामुळे. जो दगड निसर्गाला पोखरता येत नाही, तो कारागिराच्या हाताखाली न ढासळता उभा राहतो.

भिवंडीजवळ लोनाडच्या टेकडीत असं एक लेणं आहे, साधारण सहाव्या शतकातला बौद्ध विहार. लोक त्याला खांडेश्वरीचं लेणं म्हणतात, कारण पुढे तिथे देवी आली. ओसरीत राजदरबाराचा शिल्पपट आहे, पाण्याचं टाकं आहे. लोनाड गावातच शिलाहारकालीन शिवमंदिराचे भग्न अवशेष आहेत, म्हणजे विहाराची कळा उतरल्यावरही या परिसराकडे सत्तेचं आणि दानाचं लक्ष होतं. पण लोनाड एकटं पाहिलं तर काहीच उलगडत नाही. कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं आणि त्यांच्यापासून घाटावर चढणारे रस्ते डोळ्यांपुढे ठेवावे लागतात. साष्टीतल्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं वारंवार येतात. व्यापाऱ्याने पैसा दिला, कारागिराने कातळ फोडला, भिक्खूंनी पावसाळे काढले. नवव्या शतकातही कान्हेरीला दानं मिळत होती, हे शिलाहारांच्या काळातले लेख सांगतात. त्यानंतर ओघ आटला आणि शेकडो खोल्या रिकाम्या पडल्या.

या रिकाम्या खोल्या कशा असतात ते जरा जवळून पाहायला हवं, कारण सगळा मुद्दा त्यांच्यावर उभा आहे. विहारातली एक कोठडी म्हणजे वाकून शिरावं लागेल असं दार, आत एका अंगाला दगडी बाक, कधी भिंतीत दिव्याचा कोनाडा, आणि खिडकी नाही. दाराबाहेर भर दुपार असली तरी आतला मागचा कोपरा दिसत नाही. गिलावा गळून पडला की छतावर टाकीच्या घावांच्या ओळी उघड्या होतात, आणि पायाच्या नख्यांनी लोंबकळणाऱ्या प्राण्याला याहून सोयीची पकड कोणती? जिथे वस्ती असते तिथे छतावर तपकिरी डाग चढतो, नाकाला अमोनियाचा उग्र दर्प येतो आणि खाली लेंड्यांचा थर साचतो. उंदराची वाळलेली लेंडी कडक असते. कीटक खाणाऱ्या वटवाघळाची बोटांत चुरली तर तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. भिक्खूला जे हवं होतं, म्हणजे कोरडेपणा, निवांतपणा आणि वाऱ्यापावसापासून आडोसा, तेच या प्राण्यालाही हवं असतं.

इथे कुणी विचारील की मग दोघं एकाच वेळी का राहिले नसतील? भिक्खू होते तेव्हाही वटवाघळं असणारच, त्यांना वारस कशाला म्हणायचं? एखाद्या कडेच्या, न वापरलेल्या खोलीपुरतं हे मान्य करायला हरकत नाही. पण पंचांग आडवं येतं. भिक्खूंचा एका जागी मुक्काम मुख्यतः वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांचा. बऱ्याच कीटकभक्षी वटवाघळांची पिल्लं उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडाशी होतात, आणि अंगाला चिकटलेलं पोर घेऊन जागा बदलणं मादीला सर्वांत जड जातं ते याच दिवसांत. ज्या महिन्यांत खोलीत दिवा, धूर, पठण आणि माणसांची ये-जा असणार, नेमकी तेव्हाच वटवाघळाला ती खोली शांत हवी. मोठी वसाहत बसायला माणूस उठावाच लागला असणार. हे अनुमान आहे, शिलालेख नव्हे, पण वटवाघळांच्या नावाने शिलालेख कोण कोरणार!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वटवाघळांचे सर्वांत जुने जीवाश्म पाच कोटी वर्षांहून जुने आहेत आणि लेण्यांना जेमतेम दोन हजार वर्षं झाली. तोवर सह्याद्रीत वटवाघळं नव्हती असं कसं म्हणता येईल? तसं म्हणायचंही नाही. फळं खाणारं मोठं वटवाघूळ झाडाला लटकतं, त्याला गुहेची गरजच नाही. बोटाएवढी पाकोळी झाडाच्या सालीत, कातळाच्या फटीत आणि आता घराच्या पत्र्याखाली राहते. नैसर्गिक गुहाही अगदीच नाहीत असं नाही. महाबळेश्वरला जांभ्या दगडात आहे, किनाऱ्याला समुद्राने पोखरलेल्या घळी आहेत. मुद्दा जातींच्या अस्तित्वाचा नाही, जागेच्या पुरवठ्याचा आहे. नाकावर पानासारखी घडी असलेली वटवाघळं, शेपटी उंदरासारखी सुटी असलेली वटवाघळं, आणि जिभेची टकटक करून अंधारात वाट शोधणारी गुहावासी फळभक्षी वटवाघळं यांना शेकड्यांनी एकत्र राहायचं तर दालन लागतं. कातळाच्या मुलखात ती दालनं लेणीकारांनी, आणि पुढे किल्ले, तळघरं, बारव, घुमट बांधणाऱ्यांनी पुरवली. इजिप्तमध्येही असंच घडलं. नेपोलियनच्या स्वारीबरोबर गेलेल्या निसर्ग-अभ्यासकांना फॅरोंच्या थडग्यांत आणि जुन्या इमारतींत जी वटवाघळं सापडली, त्यांतल्या एका अख्ख्या कुळीचं शास्त्रीय नावच थडग्यावरून पडलं. त्याच कुळीतल्या जाती आपल्या लेण्यांतही राहतात.

याला सर्वांत चांगला पुरावा अभ्यासकांच्या पायपिटीचा आहे. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर जे मोठं काम केलं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९६२-६३ मध्ये आलं. वटवाघळं शोधायला तो जिथे जिथे गेला ती यादी पुरातत्त्व खात्याची वाटावी, त्यात अजिंठा आहे, वेरूळ आहे, कान्हेरी आहे. प्राण्याचा अभ्यास करायला स्मारकं धुंडाळावी लागतात, याचा अर्थ तो प्राणी स्मारकांत राहतो. आता बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीचं उदाहरण घ्या. तिथल्या बारापेडेच्या नैसर्गिक गुहेत सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात एस. एच. प्रेटर यांना १९१२ च्या सुमाराला एक मोठ्या कानांचं वटवाघूळ मिळालं. लंडनमध्ये ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याला मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन यांचं नाव दिलं. पुढे कित्येक दशकं ही जात जगात त्या एका गुहेपुरतीच ठाऊक होती. मेघालयात आणि कंबोडियात ती सापडली ती फार नंतर. खरीखुरी नैसर्गिक गुहा आपल्याकडे किती दुर्मीळ, आणि म्हणून किती मोलाची, ते यावरून कळतं. झुबॅटची गुहा शोधायचीच असेल तर मराठी मुलाने बारापेडेचं नाव घ्यावं, लोनाडचं नको.

खेळातलं झुबॅट रक्तही पितं, त्याविषयी दोन वाक्यं पुरेत. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही अमेरिका खंडातल्या. आपल्याकडच्या ज्या एका जातीला युरोपीय अभ्यासकांनी रक्तपिपासू समजून बदनाम केलं, ती प्रत्यक्षात बेडूक, पाली, उंदीर, किडे मारून खाते. डोळे नसणं हेही खेळापुरतंच, कारण सगळ्या वटवाघळांना डोळे असतात आणि दिसतंही. मात्र आवाजाच्या बाबतीत खेळाने बारकाईने पाहिलं आहे. आंधळं केलेलं वटवाघूळ बिनचूक उडतं पण कान बंद केले तर धडकतं, हे इटलीत स्पालान्झानी यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटापासून माहीत होतं. त्याचा उलगडा मात्र डोनाल्ड ग्रिफिन यांच्या हार्वर्डमधल्या प्रयोगांनी १९३८ नंतर झाला.

खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती पुरातत्त्ववाल्यांची आहे. वारस म्हणा की आणखी काही, वटवाघळं लेणी खराब करतात, त्यांच्या मूत्राने चित्रं डागाळतात. अजिंठ्याला याचा फटका बसला आहे, त्यात शंका नाही. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती लेणी पडली तोवर शतकानुशतकं तिथे माणसाचा नियमित वावर नव्हता. चित्रांच्या खोल्यांना जाळ्या बसवणं रास्तच आहे. पण नुकसानाचा हिशेब मांडायचा तर सगळाच मांडावा. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० मध्ये इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे रंग भिंतीला पक्के केले हे मोठंच काम. मात्र चित्रांवर चढवलेलं लाखेचं रोगण पुढे पिवळं पडत गेलं आणि ते काढण्यात नंतरच्या पिढ्यांची वर्षं गेली. भिंतींवर नावं कोरणाऱ्या हौशी पाहुण्यांचा तर विषयच नको. आणि मुख्य म्हणजे चित्रं असलेली लेणी मोजकी आहेत. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या बहुतेक कोठड्या नुसता कातळ आहेत, तिथे डागाने बिघडण्यासारखं फारसं काही नाही. अजिंठ्याचा नियम प्रत्येक डोंगराला लावायचं कारण काय?

रोगाची भीतीही अशीच मोजून घ्यावी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या नमुन्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. पुढच्या वर्षी ती बातमी आली आणि पर्यटकांत घबराट झाली. प्रतिपिंडं सापडणं म्हणजे त्या प्राण्यांचा विषाणूशी कधीतरी संबंध आला होता, माणसांत साथ आली असं नव्हे. महाराष्ट्रात त्या वेळी एकही रुग्ण नव्हता. वसाहतीत शिरून प्राणी उधळू नयेत, त्यांच्या लेंड्यांची धूळ छातीत घेऊ नये, इतकाच शहाणपणा त्यातून निघतो. म्हणजे धोका नाही असं नाही. धोका आहे तो आपण आत घुसण्यात.

उपद्रवी हा शिक्का सरकारनेही मारला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणाऱ्या वटवाघळांना कावळे-उंदरांच्या रांगेत, मारायला मोकळीक असलेल्या पाचव्या परिशिष्टात घातलं होतं. वटवाघळांत खास संरक्षण होतं ते मोजक्या दुर्मीळ जातींना, त्यांत बारापेडेची ती कीटकभक्षी जात पहिल्या परिशिष्टात. २०२२ च्या दुरुस्तीत ते उपद्रवी प्राण्यांचं परिशिष्टच काढून टाकलं. गंमत अशी की खेळाने ही दुरुस्ती तेवीस वर्षं आधी केली होती. १९९९ च्या आवृत्तीत झुबॅटच्या पुढच्या रूपाचं, गोलबॅटचं, चार पंखांच्या क्रोबॅटमध्ये रूपांतर होतं ते सांभाळणाऱ्याचा आणि त्याचा लळा पुरेसा जमला तरच.

डिसेंबर २०१६ मध्ये पोकेमॉन गो भारतात रीतसर आला. प्रत्यक्ष रस्त्यावर हिंडून खेळायच्या या खेळाचे थांबे देवळं, पुतळे, जुन्या वास्तू अशा खुणांवर बसवलेले असतात. काल्पनिक वटवाघूळ पकडायला निघालेलं पोर खऱ्या वटवाघळांच्या दारात जाऊन उभं राहण्याची सोय त्यातून झाली. पण भिवंडीत त्या दारांच्या आजूबाजूला आता वेगळंच बांधकाम उभं आहे. मुंबईची जकात चुकवण्याच्या हिशेबाने मानकोली, राहनाळ, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात गोदामं वाढली, आणि २०१७ मध्ये जकात गेली तरी गोदामं राहिली, उलट वाढली. लोनाडच्याच बाजूला आमणे गावाशी २०२५ साली समृद्धी महामार्ग येऊन मिळाला. त्याच महामार्गावर कसाऱ्याच्या घाटात सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत, म्हणजे कातळात एवढी मोठी पोकळी सह्याद्रीत लेणीकारांनीही कधी काढली नव्हती. त्यांत रात्रंदिवस दिवे आहेत आणि गाड्यांचा आवाज आहे. गोदामाचं छत गुळगुळीत पत्र्याचं, दुपारी भट्टीसारखं तापणारं. मालाची ने-आण चोवीस तास. पंधराशे वर्षांपूर्वी या तालुक्यात व्यापाराच्या पैशाने जे कोरलं गेलं त्यात वटवाघळाला नकळत जागा झाली. आत्ता त्याच व्यापाराने जे बांधलं आहे त्यात एखादी पाकोळी दाराच्या चौकटीमागे शिरेलही, पण वसाहत बसेल अशी जागा अजून तरी जुन्या कातळातच आहे.