नाणेघाट ‘उतरताना’ : क्रियापदांच्या उपसर्गांची कथा

जुन्नरच्या भोवती मानमोडी, लेण्याद्री, तुळजा आणि शिवनेरी यांच्या कातळांत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. पश्चिमेला नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. पैठणचा माल याच वाटेने कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात असे. या लेखांतून राजे, दाते आणि दाने यांचा इतिहास अभ्यासकांनी वेचला आहे. आम्हांला येथे दुसराच इतिहास सांगावयाचा आहे. तो आहे क्रियापदाच्या आधी येणाऱ्या चिमुकल्या उपसर्गांचा.

संस्कृत व्याकरणपरंपरेने प्र, परा, अप, सम् असे बावीस उपसर्ग मानले आहेत. वेदांच्या भाषेत ते स्वतंत्र वृत्तीचे होते. क्रियापदापासून दूर, मध्ये काही शब्द टाकूनही ते उभे राहत. त्यांना स्वतःचा अर्थ आहे की नाही, हा वाद यास्काच्या ‘निरुक्ता’त नोंदलेला आहे. शाकटायनाच्या मते ते स्वतंत्रपणे अर्थ सांगत नाहीत. गार्ग्याच्या मते सांगतात. पुढे ते धातूला कायमचे चिकटले.

प्राकृतात त्यांची झीज सुरू झाली. जुन्नरच्या लेखांतील ‘उपासक’ शब्दात ‘उप’ अजून ठळक आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने शैलगृह ‘परिनिठपित’ केल्याचे म्हटले आहे; त्यात ‘परि’ आणि ‘नि’ असे दोन उपसर्ग एका ‘स्था’ धातूवर बसले आहेत. कान्हेरीत मात्र प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रीला ‘पवइतिका’ म्हटले आहे. तेथे ‘प्र’चा नुसता ‘प’ उरला. ‘प्रतिष्ठान’ नगराचे पैठण झाले, तेव्हा ‘प्रति’ तर ओळखूही येईनासा झाला.

मराठीत हे उपसर्ग शब्दाच्या पोटात दडून बसले. नारायणगावचा टोमॅटो किंवा मंचरचा कांदा ‘विकणारा’ शेतकरी ‘वि’ आणि ‘क्री’ एकत्र उच्चारीत असतो. ‘उठणे’ हे उत् + स्था, ‘बसणे’ हे उप + विश्. जुन्या मराठीतील ‘बैसणे’ या मधल्या पायरीची साक्ष देते. ‘विसरणे’ हे वि + स्मृ. ‘नेणे’ म्हणजे नी धातू. त्यालाच ‘आ’ लावला की ‘आणणे’ होते. एका स्वराने दिशा उलटली! पीक ‘उपजते’ आणि ‘निपजते’, तेथे पद् हा धातू एकच. पहिल्यात ‘उत्’, दुसऱ्यात ‘निस्’. ‘उपजणे’ पाहून ‘उप’ आठवणारा फसतो.

सर्वांत नवलाचे ‘उतरणे’. त्यात ‘उत्’ म्हणजे वर, आणि घाट तर आपण खाली उतरतो! मूळ अर्थ होता पाण्यातून वर येणे, तीराला लागणे. त्यावरून नावेतून पायउतार होणे, मग वाहनावरून, मग डोंगरावरून. उपसर्गाचा अर्थ विसरला गेला म्हणूनच हा प्रवास शक्य झाला. दिशा सांगण्यासाठी आता आपण ‘खाली उतर’, ‘वर ये’ असे नवे शब्द जोडतो. जुन्यांची झीज झाली की भाषा त्या कामाला नवे शब्द लावते.

हे केवळ आपल्याकडेच घडले नाही. अलास्का व कॅनडापासून अमेरिकेच्या नैर्ऋत्येपर्यंत पसरलेल्या अथाबास्कन भाषांत क्रियापदाचा मूळ घटक शेवटी येतो आणि त्याआधी ठरलेल्या क्रमाने अनेक उपसर्ग उभे राहतात : कर्ता, कर्म, दिशा, क्रियेची रीत. त्यांतील बाहेरच्या टोकाचे बरेचसे उपसर्ग पूर्वी स्वतंत्र शब्द असावेत, असे अभ्यासक मानतात. या भाषांच्या आरंभीच्या नोंदींत आपल्या धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे. फादर एमिल पेतितो यांचा उत्तरेकडील देने भाषांचा शब्दकोश १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲरिझोनातील सेंट मायकल्स येथील फ्रान्सिस्कन फादरांनी १९१० मध्ये नावाहो भाषेचा कोश काढला. त्याच काळात अमेरिकेतील निवासी शाळांतून मूळ रहिवाशांच्या मुलांना आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी त्याआधीच लोकभाषेचा मान ओळखला होता. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, आणि त्यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये.

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? प्रार्थना, उपासना, अर्पण हे शब्द आपल्या कानाला भारदस्त वाटतात आणि उपास, बैसणे, निपजणे गावठी. परंतु ‘उपास’ हा ‘उपवासा’चाच वंशज आहे, ‘निपजणे’ ‘निष्पत्ती’चे सख्खे भावंड आहे. आंबेगावच्या आजीचा शब्द अशुद्ध नसतो. तो दोन हजार वर्षे तोंडातोंडी चालत आलेला असतो, आणि म्हणूनच झिजलेला असतो. शाळेतून आलेले मूल त्या शब्दाला हसले, तर त्याला गप्प बसवू नये; त्या शब्दाचे कूळ सांगावे. घरातील शब्द एकदा लाजेने टाकला, की तो परत आणणे कठीण असते.