चॅनल ओलांडताना: एका रोड ट्रिपची शीट आणि तिच्यामागचा इतिहास

लंडन ते बेल्जियममधलं ईपर हे अंतर साधारण मुंबई-साताऱ्याएवढं आहे. सकाळी लवकर निघालं तर दुपारचं जेवण तिकडे होऊ शकतं. तरीही या प्रवासाची तयारी महाबळेश्वरला जाण्यापेक्षा दहापट जास्त करावी लागते, कारण मध्ये समुद्र आहे, दोन सीमा आहेत, रस्त्याची बाजू बदलते आणि शहरांची नावंही बदलतात.

इंग्लंडात नोकरीला असलेली आमच्या वयाची मराठी मंडळी लाँग वीकेंडला हा बेत हमखास आखतात. ब्रुजचे कालवे, गेंटचा किल्ला, ब्रसेल्सची वॉफल्स, अँटवर्पचं स्टेशन. मग ग्रुपमधला एक जण (बहुतेक वेळा सॉफ्टवेअरवालाच) शीट उघडतो आणि रकाने पाडतो: कागद, खाडी, गाडी, पाट्या, थांबे. आमच्या ग्रुपमध्ये हे काम माझ्याकडे होतं. एकेक रकाना भरताना "हे असं का आहे?" म्हणून शोधत गेलो, आणि जवळपास प्रत्येक उत्तर कुठल्या तरी युद्धापाशी किंवा युद्धाच्या भीतीपाशी जाऊन थांबलं.

कागद

पहिला रकाना व्हिसाचा. ब्रिटनचा वर्क व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर चॅनल ओलांडायला शेंगेन व्हिसा लागतो. नियम सोपा आहे: ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम समसमान असतील तर जिथून पहिला प्रवेश, त्या देशाकडे. म्हणजे तुम्ही फ्रान्समधून आत शिरणार असलात, तरी बेल्जियममध्ये तीन रात्री आणि फ्रान्समध्ये एक असेल तर अर्ज बेल्जियमकडे करायचा.

हा कागदांचा खेळ फार जुना नाही. १९१४ पूर्वी पश्चिम युरोपात बराचसा प्रवास पासपोर्टविना होत असे. पहिलं महायुद्ध सुरू झालं, हेरांची भीती पसरली आणि सरकारांनी कागद मागायला सुरुवात केली. फोटो चिकटवलेला ब्रिटिश पासपोर्ट १९१५ मध्ये आला. भारतात युद्धकाळातल्या तात्पुरत्या नियमांमागोमाग १९२० साली पासपोर्टचा कायदा झाला. युद्ध संपलं, पण कागद मागायची सवय तशीच राहिली. बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग आणि प्रवास विमा जोडताना आपण जो वैतागतो, त्याचं मूळ त्या सवयीत आहे.

खाडी

चॅनल ओलांडायचे गाडीवाल्यांसाठी दोन मुख्य मार्ग. डोव्हरहून फेरी, किंवा फोकस्टनहून बोगद्यातली शटल. फेरी साधारण दीड तास घेते आणि डेकवर उभं राहून डोव्हरचे पांढरे कडे बघता येतात. शटलमध्ये आपली गाडी आगगाडीच्या डब्यात चढवायची, आत बसून राहायचं, आणि ३५ मिनिटांत फ्रान्समध्ये कॅलेजवळ उतरायचं. बोगदा ५० किलोमीटरचा आहे, त्यातला सुमारे ३८ किलोमीटरचा भाग समुद्राखाली.

ही कल्पना १८०२ सालची. आल्बेर मात्यू नावाच्या फ्रेंच इंजिनियरनं घोडागाड्यांसाठी, तेलाच्या दिव्यांनी उजळलेला बोगदा सुचवला होता. पुढे १८८० च्या सुमारास दोन्ही किनाऱ्यांवर खरंच यंत्रं लावून खोदाई सुरू झाली. यंत्रं नीट चालत होती, खडूचा मऊ खडक सहज कापला जात होता. अडचण तंत्रज्ञानाची नव्हतीच. उद्या याच बोगद्यातून फ्रेंच सैन्य आलं तर काय, अशी भीती ब्रिटिश सेनानींना वाटली आणि १८८२ मध्ये काम थांबवलं गेलं. १९७० च्या दशकात पुन्हा सुरुवात झाली, ती १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारनं खर्चाच्या कारणानं सोडली. अखेर १९८६ मध्ये करार झाला, डिसेंबर १९९० मध्ये दोन्हीकडचे खोदकामगार समुद्राखाली एकमेकांना भेटले आणि मे १९९४ मध्ये बोगद्याचं उद्घाटन झालं. जे काम करता येत होतं, ते भीतीपायी शंभर वर्षं अडून राहिलं.

एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. फ्रेंच पोलीस तुमचा पासपोर्ट फोकस्टनलाच, म्हणजे इंग्लंडच्या जमिनीवर तपासतात. दोन देशांनी तसा करारच केला आहे. त्यामुळे कॅलेला उतरल्यावर गाडी थेट महामार्गाला लागते.

गाडी आणि पाट्या

गाडीच्या मागे 'यूके'चं स्टिकर लागतं. जुनं 'जीबी' २०२१ पासून चालत नाही. ब्रिटिश गाडीचे दिवे डावीकडे झुकलेले असतात, ते समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नयेत म्हणून काचेवर पट्ट्या लावायच्या. चमकणारी जॅकेटं आणि त्रिकोण जवळ ठेवायचे. गाडी भाड्याची असेल तर देशाबाहेर न्यायची परवानगी आधी लेखी घ्यायची. फ्रान्सच्या महामार्गावर वेगमर्यादा १३०, पावसात ११०, बेल्जियममध्ये १२०. बेल्जियमचे महामार्ग आपल्या गाड्यांसाठी टोलमुक्त आहेत, पण ब्रसेल्स, गेंट आणि अँटवर्पमध्ये शिरण्याआधी परदेशी गाडीची नोंदणी ऑनलाइन करावी लागते. आणि उजवीकडून येणाऱ्या गल्लीवर सतत लक्ष! तिथे खूण नसेल तर पहिला हक्क उजवीकडून येणाऱ्याचा.

पाट्यांची गंमत वेगळीच. बेल्जियममध्ये १९६२ साली कायद्यानं भाषेची सीमा आखली गेली: उत्तरेला डच, दक्षिणेला फ्रेंच. त्यामुळे एकाच महामार्गावर, सीमा ओलांडताच, त्याच शहराचं नाव बदलतं. लील शहराची पाटी 'रायसेल' होते, मोन्सची 'बर्गन', लिएजची 'लाउक'. एकाच रेकॉर्डला दोन-तीन नावं असलेला डेटाबेस कसा त्रास देतो हे माहीत असलेल्यांना आणि बेळगावच्या पाट्या पाहिलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. निघण्यापूर्वी दोन्ही नावं लिहून ठेवा. आपण जिथे चाललोय ते ईपरही फ्रेंच आणि इंग्रजीत 'ईप्र' आहे.

थांबे

आता शेवटचा रकाना, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आपण ज्या वाटेनं निघालोय त्याच वाटेनं, पण उलट दिशेनं, शंभर वर्षांपूर्वी हजारो भारतीय इंग्लंडात आले होते. त्यातले बहुतेक स्ट्रेचरवर होते.

सप्टेंबर १९१४ मध्ये भारतीय सैन्याची पहिली तुकडी फ्रान्सच्या दक्षिणेला मार्सेयला उतरली. महिन्याभरात ती ईपरच्या आघाडीवर होती. अंगावर हिवाळ्याचे पुरेसे कपडे नव्हते. ३१ ऑक्टोबरला ईपरजवळच्या हॉलेबेक गावी खुदादाद खान या शिपायानं, सोबतचे सगळे पडल्यावरही, जखमी अवस्थेत मशीनगन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो पहिला भारतीय सैनिक. पुढच्या एप्रिलमध्ये ईपरला जर्मनांनी विषारी वायू सोडला आणि काही दिवसांतच लाहोर डिव्हिजनला त्या मैदानात पाठवलं गेलं. जमादार मीर दस्त यांनी ओल्या कापडांपलीकडे काहीही संरक्षण नसताना माणसं गोळा केली, जखमी अधिकाऱ्यांना मागे आणलं.

जखमी आगगाडीनं बुलोन बंदरात यायचे, तिथून जहाजानं इंग्लंडचा दक्षिण किनारा, आणि मग अनेक जण ब्रायटनला. तिथे राजाचा जुना महाल, रॉयल पॅव्हेलियन, भारतीयांचं इस्पितळ झाला होता. धर्म-जातीनुसार नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ होते. काळजी खरी होती, आणि पाळतही खरी होती: सैनिकांची पत्रं वाचायला सरकारनं खास सेन्सॉर नेमला होता. मीर दस्तही इथेच आले. ऑगस्ट १९१५ मध्ये याच महालाच्या बागेत राजानं त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. वायूनं जाळलेली छाती मात्र पदकानं बरी झाली नाही.

म्हणून माझी सूचना अशी: थेट फोकस्टन गाठू नका, पहिली रात्र ब्रायटनला काढा. शहराबाहेरच्या टेकडीवर, पॅचम गावाकडून चालत, 'छत्री' आहे. ब्रायटनच्या इस्पितळांत गेलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला गेला. पांढऱ्या संगमरवराचं हे स्मारक ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या वास्तुविशारदानं आखलं आणि १९२१ मध्ये ते खुलं झालं. गाडी वरपर्यंत जात नाही, चांगले बूट घाला.

दुसऱ्या दिवशी बोगदा, कॅले, आणि ईपरकडे वळण्याआधी थोडं दक्षिणेला नव्ह-शापेल. हे फ्रान्समधलं लहानसं गाव. मराठा पलटणींचं युद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात झालं, म्हणून युरोपात आपलं कुणी नव्हतं असा समज असतो. पण २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावावर हल्ला करणाऱ्यांत पुण्याजवळच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. खंदक खणणारे, पूल बांधणारे हे लोक, म्हणजे सैन्यातले इंजिनियर. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं संगिनी लावून पुढे पाठवलं. गाव घराघरातून लढून घेतलं आणि प्रतिहल्ल्यात गमावलं. दोन्ही कंपन्यांची अवस्था भीषण झाली. पुढच्या मार्चमध्ये याच गावासाठी पुन्हा मोठी लढाई झाली. आज तिथल्या गोल भिंतीवर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं आहेत. ज्यांचं शव किंवा थडगं सापडलं नाही, त्यांची.

जाण्यापूर्वी एक काम फोनवरच करता येतं. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाच्या संकेतस्थळावर पलटण आणि स्मारक निवडून नावं शोधता येतात. भारतीय सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. आपल्या जिल्ह्याचं नाव टाकून बघा. स्पेलिंग इंग्रज कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं आहे, तेव्हा तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे शोधा.

संध्याकाळचे आठ

नव्ह-शापेलहून ईपर फार लांब नाही. तिथलं मध्ययुगीन दिसणारं कापडबाजाराचं भव्य सभागृह प्रत्यक्षात आपल्या आईवडिलांच्या वयाचं आहे. युद्धात शहर जमीनदोस्त झालं होतं आणि या इमारतीची पुनर्बांधणी १९६७ मध्ये पूर्ण झाली. चर्चिलना ईपरचे भग्नावशेष तसेच स्मारक म्हणून ठेवायचे होते. गावकऱ्यांनी घरं बांधली.

शहराच्या पूर्वेला मेनिन गेट आहे. या कमानीवर बेपत्ता झालेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं आहेत, त्यांत भारतीय पलटणीही आहेत. १९२८ पासून रोज संध्याकाळी आठ वाजता रस्ता बंद करून बिगूल वाजवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना खंड पडला. शहर सुटलं त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झालं. गर्दी होते, त्यामुळे साडेसातलाच पोहोचा आणि गाडी लांब लावा. शेजारच्या तटबंदीवर भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, तेही उजेड असतानाच बघून घ्या.

ज्यांची नावं तिथे वाचाल त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता, व्हिसा नव्हता, आणि जायचं की नाही हे विचारणारंही कुणी नव्हतं. आपल्या शीटमध्ये त्यांच्यासाठी एक संध्याकाळ ठेवली तर ब्रुज दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरावरच आहे.