घरगुती गॅस फर्नेसची प्रथम प्रज्वलनपूर्व तयारी

घरगुती गॅस फर्नेसची प्रथम प्रज्वलनपूर्व तयारी म्हणजे नव्याने बसवलेली फर्नेस पहिल्यांदा पेटवण्याआधी आणि पेटवताना केली जाणारी तपासणी, मापने व समायोजन होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथील थंड प्रदेशांत नैसर्गिक वायूवर किंवा प्रोपेनवर चालणारी आणि पंख्याच्या साहाय्याने गरम हवा खोल्याखोल्यांत पोहोचवणारी फर्नेस मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. मराठीत ‘भट्टी’ म्हटले की विटांची, चुन्याची किंवा लोहाराची भट्टी डोळ्यांपुढे येते. हे उपकरण मात्र तळघरात वा माळ्यावर उभे असलेले पत्र्याचे बंद कपाट असते, म्हणून येथे ‘फर्नेस’ हाच शब्द ठेवला आहे.

कारखान्यातून आलेली फर्नेस तशीच पेटवण्याजोगी नसते. ती कोणत्या वायूवर, समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आणि कशा वायुवाहिन्यांना जोडून चालणार आहे, हे कारखान्यात ठाऊक नसते. चुकीच्या मांडणीची फर्नेसही पेटते आणि घर गरम करते. त्यामुळे तिच्यातील दोष दीर्घकाळ लपून राहू शकतो. अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची चाहूल माणसाला लागत नाही. या कारणांमुळे ही तयारी प्रशिक्षित तंत्रज्ञाने मापनयंत्रांच्या साहाय्याने करावयाची असते.

रचना

फर्नेसमध्ये बर्नर, धातूचा उष्णता विनिमयक, धूर ओढून घेणारा लहान पंखा, घरात हवा खेळवणारा मोठा पंखा आणि नियंत्रण मंडल हे मुख्य भाग असतात. ज्वाला विनिमयकाच्या आत आणि घरातील हवा त्याच्या बाहेरून वाहते. दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत. न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथील ॲलिस पार्कर यांना गॅसवर चालणाऱ्या गृहतापन यंत्रणेच्या आराखड्यासाठी २३ डिसेंबर १९१९ रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले होते.

वायूची जोडणी आणि गळती

नवीन नळ्यांची चाचणी दाबाखाली हवा भरून केली जाते. फर्नेसची गॅस झडप साधारणतः अर्धा पौंड प्रति चौरस इंचापेक्षा अधिक दाब सहन करण्यासाठी बनवलेली नसते. म्हणून जास्त दाबाच्या चाचणीपूर्वी फर्नेस नळीपासून अलग करावी लागते. झडपेपूर्वी नळीला खाली उतरणारा एक आंधळा तुकडा ठेवतात. नळ्यांतील कचरा व ओलावा त्यात साचतो आणि झडपेत शिरत नाही. वायू सोडल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. काडी पेटवून गळती शोधणे कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य आहे.

वायूच्या वासावर मात्र पूर्णपणे विसंबता येत नाही. नैसर्गिक वायू मुळात गंधहीन असतो. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी साचलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण, त्यांतही बहुतांश विद्यार्थी, मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत मर्कॅप्टन वर्गातील उग्र वासाचे द्रव्य मिसळणे सक्तीचे होत गेले. स्वयंपाकाच्या सिलिंडरचा ओळखीचा वास याच वर्गातील द्रव्यामुळे येतो. परंतु कोऱ्या लोखंडी नळीचा आतील पृष्ठभाग हे द्रव्य शोषून घेतो. परिणामी पहिल्या वापराच्या वेळीच, म्हणजे वासाची गरज सर्वाधिक असताना, वास क्षीण झालेला असू शकतो. शिवाय सतत वास घेत राहिल्याने नाकही बधिर होते.

नळीतील हवा बाहेर काढून तिच्या जागी वायू भरण्याचे काम यामुळे विशेष जोखमीचे ठरते. उत्तर कॅरोलायनातील गार्नर येथील एका खाद्यपदार्थ कारखान्यात ९ जून २००९ रोजी नव्या जलतापकाची नळी अशा रीतीने इमारतीच्या आतच मोकळी केली जात होती. साचलेल्या वायूचा स्फोट होऊन चार कामगारांचा मृत्यू झाला. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय इंधनवायू संहितेतील यासंबंधीचे नियम कडक करण्यात आले. घरातील लहान नळ्यांच्या बाबतीतही खोली हवेशीर ठेवणे, ठिणगीचे सर्व स्रोत दूर करणे आणि नाकाऐवजी ज्वलनशील वायू ओळखणारे यंत्र वापरणे योग्य समजले जाते.

वायूचा प्रकार, दाब आणि उंची

बहुतेक फर्नेस कारखान्यातून नैसर्गिक वायूसाठी सज्ज होऊन येतात. एक घनफूट नैसर्गिक वायूतून सुमारे १,००० बीटीयू, तर तेवढ्याच प्रोपेनमधून सुमारे २,५०० बीटीयू उष्णता मिळते. प्रोपेनसाठी बर्नरची लहान छिद्रांची तोटी बसवणे आणि झडपेतील दाबनियंत्रक बदलणे आवश्यक असते. हा बदल न करता प्रोपेन जोडल्यास ज्वालेला हवा अपुरी पडून काजळी व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळालेला वायू तळघरात जमिनीलगत साचतो, ही आणखी एक अडचण.

झडपेनंतरचा दाब मॅनोमीटरने मोजतात. नैसर्गिक वायूसाठी तो सामान्यतः पाण्याच्या स्तंभाचे ३.५ इंच आणि प्रोपेनसाठी सुमारे १० इंच ठेवतात. अंतिम आकडा उपकरणावरील पाटीचा. त्यानंतर घरातील इतर सर्व गॅस उपकरणे बंद करून मीटरची तबकडी घड्याळाशी ताडून पाहतात. एक घनफुटाची फेरी ३६ सेकंदांत पूर्ण झाली, तर वायूचा खप ताशी १०० घनफूट, म्हणजे उष्णता सुमारे १,००,००० बीटीयू ठरते. ही साधी पद्धत कोणत्याही अंदाजापेक्षा अधिक भरवशाची आहे.

उंचीवर हवा विरळ असल्याने ज्वलनाला प्राणवायू कमी मिळतो. समुद्रसपाटीपासून २,००० फुटांपेक्षा उंच ठिकाणी, दर १,००० फुटांमागे क्षमता ४ टक्क्यांनी घटवावी, असा जुना नियम आहे. सुमारे ५,२८० फूट उंचीवरील डेन्व्हर शहरात हा मुद्दा दुर्लक्षून चालत नाही.

हवा, धूर आणि पाणी

घरातील हवा वापरून जळणाऱ्या फर्नेससाठी दर १,००० बीटीयू प्रतितास क्षमतेमागे ५० घनफूट जागा, असा रूढ हिशेब आहे. जागा त्याहून कमी असल्यास बाहेरील हवेसाठी झरोके ठेवतात. उच्च कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये धुरातील बाष्पाचे पाणी होते. हे पाणी आम्लधर्मी असते आणि एका सापळ्यातून निचऱ्याकडे जाते. पहिल्या प्रज्वलनापूर्वी हा सापळा पाण्याने भरावा लागतो. तो कोरडा राहिल्यास निचऱ्याच्या वाटेने धूर घरात येऊ शकतो. अवघ्या पेलाभर पाण्याचे हे काम घाईत हमखास विसरले जाते.

विद्युत जोडणी

ज्वाला पेटली आहे की नाही हे फर्नेस एका धातूच्या कांडीने ओळखते. ज्वालेतून काही मायक्रोअँपिअर इतका सूक्ष्म प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि नियंत्रण मंडल तो टिपते. भूसंपर्कन नसल्यास किंवा फेज व न्यूट्रल तारांची अदलाबदल झाल्यास ही ओळख पटत नाही. मग ज्वाला व्यवस्थित असूनही फर्नेस काही सेकंदांत बंद पडते आणि दोष निष्कारण गॅस झडपेवर ढकलला जातो.

प्रथम प्रज्वलन

थर्मोस्टॅटने मागणी करताच प्रथम धुराचा पंखा सुरू होतो. दाबाची कळ जुळली की प्रज्वलक लाल होतो, गॅस झडप उघडते व बर्नर पेटतात. घरातील हवेचा पंखा थोड्या विलंबाने चालू होतो. ज्वाला निळी व स्थिर असावी. नव्या घरातील धुळीमुळे तिच्यात अधूनमधून नारिंगी ठिणग्या दिसतात, त्या गौण होत. कायम पिवळी ज्वाला मात्र हवेची कमतरता दर्शवते. विनिमयकावरील तेलकट थर जळाल्याने सुरुवातीला वास व किंचित धूर येतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड विश्लेषक यंत्रानेच मोजावा लागतो. निळ्या ज्वालेवरून त्याचे प्रमाण कळत नाही.

फर्नेस काही मिनिटे चालून स्थिरावल्यावर परत येणारी थंड हवा आणि बाहेर पडणारी गरम हवा यांच्या तापमानांतील फरक मोजतात. तो पाटीवरील पल्ल्यात, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट, बसला पाहिजे. गरम हवेचा तापमापक विनिमयकाच्या थेट समोर ठेवू नये, अन्यथा प्रारणाने आकडा फुगतो. फरक जास्त असल्यास हवेचा प्रवाह अपुरा असतो. विनिमयकाचा धातू तापून कालांतराने त्याला तडे जातात. फरक फार कमी असल्यास साध्या फर्नेसच्या विनिमयकात बाष्प साचून तो गंजतो. त्यानुसार मोठ्या पंख्याचा वेग बदलतात.

शेवटी अतितापाची कळ तपासण्यासाठी परतीच्या हवेचा मार्ग मुद्दाम अडवतात; बर्नर आपोआप विझले पाहिजेत. मार्ग मोकळा करून स्वच्छ गाळणी बसवतात. मोजलेले दाब, तापमानातील फरक व धुराचे आकडे लिहून तो कागद फर्नेसच्या दाराजवळ ठेवतात. पुढील हिवाळ्यातील तपासणीच्या वेळी तुलनेसाठी तो उपयोगी पडतो.