शिवसागराचे पैलतीर

बेट म्हटले की समुद्र आठवतो. सातारा जिल्ह्यातले हे बेटपण मात्र माणसाने घडवले. १९६० च्या दशकात कोयना धरण झाले, शिवसागर भरला आणि खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. पुष्कळ कुटुंबे पुनर्वसनासाठी दूर गेली. काही डोंगरउतारावर वर सरकून तिथेच राहिली. बामणोली-तापोळ्याकडे यायला लाँच हाच त्यांचा रस्ता झाला. माणसांची वर्दळ ओसरली, रान दाटले. १९८५ साली कोयना अभयारण्य, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ साली जागतिक वारसा असे मान त्या रानाला मिळाले. राहिलेल्यांपुढे मात्र पुन्हा विस्थापनच आले. सांगलीकडे, वारणेच्या चांदोलीतही हेच घडले. रानाचा इतिहास सरकारी नोंदींत आहे. तिथे नाचणी पिकवणाऱ्यांचा अजून लिहायचा आहे.